खिशातला घडीचा चाकू: खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

खिशात घडीचा चाकू असतो म्हटलं की जळगाव-धुळ्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि काही जण लगेच हात पुढे करून “दाखव बरं” म्हणतात. दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. नवख्याला आधी काय कळायला हवं, त्या हिशेबाने क्रम लावला आहे. कायद्याचा भाग मात्र कोणीही गाळू नये.

“तुले चाकू कसाले लागस?”

शेतात पाय ठेवला की अर्ध्या तासात उत्तर मिळतं. ठिबकची नळी कुठेतरी उंदराने कुरतडलेली असते. तेवढा तुकडा काढून जॉइनर बसवायचा तर नळी सरळ कापली गेली पाहिजे; वेडीवाकडी कापली की पाणी गळतच राहतं. खताच्या गोणीची शिवण, बियाण्याचं पाकीट, केळीच्या झाडाला टेकू बांधायची सुतळी, वासराच्या गळ्यात आवळून बसलेलं दावं, या सगळ्याला कोयता मोठा पडतो आणि विळा हाताशी नसतो. केळीची पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) काढायला किंवा घड उतरवायला घडीचा चाकू वापरू नका, ती विळ्या-कोयत्याची कामं आहेत. मात्र त्या दोन कामांच्या मधे दिवसभर जी बारीकसारीक कापाकापी चालते, ती सगळी या चाकूची.

गावात राहणाऱ्यालाही तो तितकाच लागतो. पार्सल, पेन्सिल, औषधाच्या बाटलीचं सील, डब्यातला पेरू. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसाचे आंबे घरात विळीवर चिरतात, पण शेताच्या बांधावर पाडाचा आंबा खायचा तर चाकूच हवा.

आणि भरीत पार्टी. हिवाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटतो, तेव्हा वांगी तशीच जाळात टाकत नाहीत. एकेक वांगं हातात घेऊन चाकूच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी टोचायचं, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि मगच जाळावर ठेवायचं, म्हणजे आतली वाफ निघून जाते आणि वांगं फुटत नाही. भाजलेलं वांगं देठाला धरून त्याच टोकाने वरून खाली एक रेघ ओढली की काळी साल दोन्ही बाजूंना सुटते. मग कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं सोलताना पातळ, धारदार पातं हातात असलं की गर सालीला चिकटून वाया जात नाही.

पारंपरिक चाकू म्हणजे नेमका कोणता?

पातं मुठीत मिटतं, मूठ लाकडाची, शिंगाची, हाडाची किंवा साध्या धातूची असते, आणि रचना शंभर-सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नसते. यात साधारण तीन जाती येतात. पहिल्या जातीत कमान (स्प्रिंग) नाही आणि खटकाही नाही, पातं निव्वळ खिळ्याच्या घट्टपणावर उभं राहतं. दुसरीत पाठीमागे पोलादी कमान असते आणि तिच्या दाबामुळे पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. दोन हात लावून, नखाच्या खाचेत नख घालून ते उघडायचं असतं. तिसरीत उघडलेलं पातं जागेवर अडकवणारी कडी असते.

बटण दाबताच फटकन बाहेर येणारा खटक्याचा चाकू यात धरत नाही, आणि धरूही नये.

असा चाकू जवळ बाळगणं कायद्याने चालतं का?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे नियम असं सांगतात: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपल्या खिशातल्या चाकूचं पातं तीन-साडेतीन इंचांचं असतं. म्हणजे या मापात तो बसतच नाही.

पण माप पाहून निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात जिल्हादंडाधिकारी ३७(१)(३) खाली मनाई आदेश काढतात. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी येते, आपण ती वाचत नाही. या आदेशात तलवारी-भाल्यांच्या जोडीने चाकू आणि लाठ्यासुद्धा येतात. आदेश बहुधा पंधरा दिवसांचा असतो, संपला की पुन्हा निघू शकतो, आणि तो मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. गणेशोत्सव, नवरात्र, मतदान या दिवसांत चाकू घरी ठेवायचा हा माझा नियम. शेतावर जायचं असेल तर तो जेवणाच्या डब्यासोबत, अवजारांच्या पिशवीत.

दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे पाहावेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे, कमानीच्या जोरावर आपोआप उघडणारे आणि गरारीचे, म्हणजे दात्यांवर कटकट करत उघडणारे, चाकू वेगळे काढले. अशा चाकूच्या पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर तो बाळगणं तिथे सरळ गुन्हा होतो.

स्वसंरक्षणासाठी ठेवला तर?

त्यासाठी ठेवू नका. हे मी तरुण मुलांना सांगतो, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या, काळजीपोटी विचारणाऱ्या ताईंनाही सांगतो. मिटवलेला चाकू घाबरलेल्या हातांनी उघडता येत नाही. कमानीच्या चाकूला तर उघडं पातं अडकवणारं काही नसतं. जोर उलटा आला की तो आपल्याच बोटांवर मिटतो. शिवाय चाकू निघाला की साध्या बाचाबाचीचा गंभीर गुन्हा व्हायला वेळ लागत नाही. पोलिसांसमोर, न्यायालयासमोर “कशासाठी ठेवला होता” हा प्रश्न येतो आणि उत्तरात ‘संरक्षण’ हा शब्द आला की चाकूचं अवजारपण संपतं. ज्या कामासाठी तो बनला, तेवढ्यासाठीच तो खिशात असावा.

रस्त्यात पोलिसांनी तपासणी केली तर काय सांगायचं?

खरं ते, आणि विचारायच्या आधी. “साहेब, खिशात शेतातल्या कामाचा छोटा चाकू आहे” असं हात दिसतील असे ठेवून सांगावं. स्वतः काढून, उघडून दाखवायला जाऊ नये. त्यांनी ठेवून घेतला तर वाद घालू नये, पावती मागावी. कोर्ट, कलेक्टर कचेरी, मतदान केंद्र, शाळा-कॉलेज, सभा, राजकीय मोर्चा आणि दारू जिथे चालते अशी पंगत, इथे चाकू न्यायचाच नाही.

चाकूंचे फोटो टाकले, वाढदिवसाचा केक कापला, तर काय बिघडतं?

तलवारीने केक कापणाऱ्यांवर राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झालेले आपण वाचतोच. चाकूचा फोटो टाकायचाच असेल तर तो फळाशेजारी, धार लावायच्या दगडाशेजारी, लाकडी पाटावर ठेवलेला टाका. मुठीत धरून कॅमेऱ्याकडे रोखलेला नको.

पहिला चाकू कोणता घ्यावा?

शेतकऱ्याला माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: कृषी सेवा केंद्रात किंवा रोपवाटिकेचं सामान मिळतं तिथे कलम बांधायचा, डोळा भरायचा घडीचा चाकू पाहा. लिंबू-मोसंबीची रोपं करणारे लोक तो वर्षानुवर्षं वापरतात. पातं सरळ, धार एका बाजूने लावलेली, मूठ लाकडाची. खिशाला परवडतो आणि हरवला तर जीव हळहळत नाही. धार लावायचा हात याच्यावर बसवावा.

त्यानंतर फ्रान्सचा ओपिनेल. साव्वा या डोंगराळ भागातल्या जोसेफ ओपिनेलने तो १८९० च्या सुमारास घडवला. मूठ बीच लाकडाची, पातं पातळ आणि चपटं, आणि १९५५ पासून मानेशी फिरणारी कडी, जी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. आकारांना आकडे आहेत. सहा, सात, आठ हे खिशाचे आकार. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. आपल्या हाताला आणि आपल्या फळांना आठ नंबर बरोबर पुरतो. बारा नंबर खिशात नको, तो स्वयंपाकघरात छान.

स्वित्झर्लंडचा लाल चाकू सगळ्यांनी पाहिलेला असतो. कार्ल एल्सनरने १८८४ साली ईबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १२ जून १८९७ रोजी ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ नोंदवला, त्यात जादा छोटं पातं आणि बुचकाढणं होतं. आई व्हिक्टोरियाच्या नावाला गंज न धरणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ जोडून १९२१ पासून व्हिक्टोरिनॉक्स झालं. शहरात नोकरी करणाऱ्याला मी हाच सुचवतो. तो पाहून ऑफिसात कोणी दचकत नाही, उलट स्क्रू पिळायला मागून नेतात. अवजारांची गर्दी असलेली जाडजूड मॉडेल टाळा. दोन पाती, कात्री आणि चिमटा एवढं पुष्कळ झालं.

जपानचा हिगोनोकामी हा माझा सगळ्यात लाडका. ह्योगो प्रांतातलं मिकी गाव हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मेइजी काळात, १८९० च्या दशकात, हा तयार झाला. पितळेचा किंवा पोलादाचा पत्रा दुमडून मूठ, एक खिळा, एक पातं, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची शेपटी. कमान नाही, कडी नाही. उघडा असताना अंगठा त्या शेपटीवर असला पाहिजे, तोच त्याचा खटका. एके काळी जपानी शाळकरी पोरं याने पेन्सिली तासायची. १९६० नंतर मुलांच्या हाती चाकू देऊ नयेत अशी मोहीम निघाली आणि कारागीर भराभर कमी झाले. आता ते नाव लावून चाकू बनवणारं मिकीत एकच घराणं उरलं आहे, नागाओ यांचं. एवढ्या साध्या वस्तूसाठी एक घराणं अजून ऐरणीशी उभं आहे, या गोष्टीचं मोल मला फार वाटतं.

अमेरिकेतल्या केस कंपनीचे दोन-तीन पात्यांचे चाकू, इंग्लंडातल्या शेफिल्डचे जुने चाकू, फ्रान्सच्या थिएर्स आणि लागिओलचे नक्षीदार चाकू हे नंतरचे टप्पे. आधी एक वापरून झिजू द्या.

कार्बन पोलाद घ्यावं की स्टेनलेस?

केळीच्या भागात राहता का, यावर बरंच ठरतं. रावेर-यावल-चोपड्याकडच्या बागेत कार्बन पोलादाचं कोरं पातं नेलं आणि केळीचा एक दांडा कापला, तर चीक लागलेली जागा डोळ्यांदेखत बदलू लागते. आधी पिवळट, मग तपकिरी, आणि पुसून घरी आणेपर्यंत निळसर काळी. चिकातली तुरट द्रव्यं आणि लोखंड यांच्या मेळाने ती छटा चढते. कांदा, लिंबू, कैरी यांनीही रंग बदलतो. नवखे घाबरतात आणि घासून काढायला जातात. काढू नका. तो गंज नव्हे. लाल आणि बोटाला खरखरीत लागतो तो गंज. काळा-निळा आणि गुळगुळीत असतो तो पात्याचा चढलेला रंग, आणि पुढच्या गंजाला तो थोडाफार अडवतोही.

कार्बन पोलादाला धार पटकन लागते आणि दगडावर ते समजूतदारपणे वागतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं म्हणून ते गंज सहसा धरत नाही, पण साध्या दगडावर त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. घामाचा खिसा, फवारणीची औषधं, पाण्यातलं काम असं रोजचं असेल तर स्टेनलेस घ्या. फळं, भाजी, लाकूड, सुतळी असेल आणि रोज पुसायची सवय असेल तर कार्बन. औषधाचं पाकीट ज्याने उघडलं, त्याने खायचं काहीही कापायचं नाही, मग पातं कुठलंही असो. मी त्यासाठी वेगळा चाकू ठेवतो आणि त्याच्या मुठीला लाल चिकटपट्टी लावलेली आहे.

गावातल्या लोहाराकडून बनवून घेता येईल का?

जरूर घ्या. आपल्याकडे लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी बांधव विळे, खुरपी, कुऱ्हाडी जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. ट्रकच्या पाट्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, चाकूला ते चांगलं पोलाद आहे. कमानीचा चाकू त्यांना सांगू नका, त्यातलं घासकाम वेगळं आहे. हिगोनोकामीसारखा, एका खिळ्यावर फिरणारा साधा चाकू मागा. जाडी दोन-अडीच मिलिमीटरच्या वर नको हे आधी स्पष्ट बोला, कारण विळ्याचा हात असलेला माणूस पातं जाड ठेवतो, आणि जाड पातं कांद्यात शिरत नाही, कांदा फाडतं.

पाणी पाजल्यावर, म्हणजे लाल तापलेलं पातं बुडवून कडक केल्यावर, ते पुन्हा मंद आचेवर उतरवायला सांगा. नुसतं पाणी पाजलेलं पातं कडक पण ठिसूळ असतं, खाली पडलं की टोक तुटतं. उजळलेल्या पात्यावर फिका पिवळा, गव्हाळ रंग आला की थांबायचं. निळा आला म्हणजे धारेसाठी ते मऊ पडलं. भात्याजवळ बसून हा रंग सरकताना एकदा तरी पाहा. पाठीकडून सुरू होतो आणि धारेकडे चालत येतो, आणि लोहार नेमक्या क्षणी पातं विझवतो.

मजुरीत घासाघीस करू नका.

संग्रहात रामपुरी असावा का?

उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ती खरी कारागिरी आहे. हिंदी सिनेमाने तिला गुंडाच्या हातात दिलं आणि तीच ओळख चिकटली. नव्वदच्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यांवर तिथल्या सरकारने बंदी आणली आणि धंदा आटला. २०२३ मध्ये त्याच शहराने चौकात भलामोठा चाकू उभारून आपल्या कारागिरांची आठवण जागवली. छोट्या पात्याचा, हाताने उघडायचा, चांगल्या कारागिराचा नमुना कपाटात जरूर असावा. खिशात नको. पाहणारा त्याच्याकडे अवजार म्हणून पाहणार नाही, आणि त्याला समजावत बसायला रस्ता ही जागा नव्हे.

पावसाळ्यात ओपिनेल उघडतच नाही, काय करू?

लाकूड फुगलं आहे. चैत्र-वैशाखात भुसावळला पारा पंचेचाळीसपाशी जातो तेव्हा तीच मूठ आक्रसते आणि पातं सैल पडतं. जून-जुलैत हवेत ओल आली की मूठ पात्याला दोन्हीकडून धरते. नखाने ओढत बसू नका, नख तुटेल. कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पातं दोन बोटं बाहेर येतं. ही खुद्द साव्वातल्या लोकांची रीत आहे. कायमचा उपाय म्हणजे उन्हाळ्यात, लाकूड कोरडं असताना, मूठ जवसाच्या तेलात मुरवून आठवडाभर सावलीत वाळू देणं. तेलाचा बोळा मोकळा पसरून वाळवा, चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

धार कशी लावायची?

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. सुरुवातीला तेवढा पुरे. पुढे हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्यावा. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. पात्याची पाठ दगडापासून पंधरा ते वीस अंश उचला. तीन इंची घडीच्या चाकूला हा कोन फार कमी वाटतो: पाठ आणि दगड यांच्यात रुपयाची दोन-तीन नाणी एकावर एक मावतील एवढीच फट. हा कोन शेवटपर्यंत बदलू नये, कौशल्य म्हणतात ते एवढंच आहे.

एक बाजू घासत राहा आणि मधून मधून दुसऱ्या बाजूने बोट धारेकडे, धारेला आडवं, हलकेच सरकवून पाहा. धारेच्या लांबीने बोट फिरवू नका, कापेल. थोड्या वेळाने त्या बाजूला अगदी बारीक खरखर लागते, जणू पातं कडेला वळलं आहे. ती टोकापासून बुडापर्यंत सलग लागली पाहिजे. लागली म्हणजे ही बाजू झाली, मग उलटा. बहुतेकांची धार लागत नाही याचं कारण एकच, खरखर येण्याआधीच ते बाजू बदलतात. दोन्ही बाजू झाल्या की बारीक दगडावर दाब कमी करत न्या आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर, धार मागे ठेवून, ओढा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या खोगीर-लगामाचं चामडं विकायला येतं, तिथला जाड पट्टीचा तुकडा या कामाला फार चांगला.

प्रवासात दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाची जी कडा चकाकत नाही, तिच्यावर पाच-सहा हलके हात फिरवले की दिवस निघतो.

सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला तर?

विळी, कात्री खुशाल द्या. घडीचा चाकू नको. कोरड्या चाकाच्या घर्षणाने पातळ धार क्षणात तापते, निळी पडते, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. शिवाय चाक पातं खाऊन टाकतं, मग ते मिटल्यावर मुठीत नीट बसत नाही.

जुने चाकू कुठे शोधायचे, आणि ओळखायचे कसे?

आधी घरातच. आजोबांची चंची, पानाचा डबा, जुनी लोखंडी ट्रंक. अडकित्त्यासोबत एखादा छोटा चाकू निघतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह पाहिला असेल तर रोजच्या वापरातल्या हत्यारात किती कसब ओतलेलं असतं ते कळेल. भुसावळसारख्या जुन्या रेल्वेच्या गावात इंग्रजी बनावटीचे चाकू घराघरांत राहून गेलेले असू शकतात, भंगारात जाण्याआधी ओळखीत सांगून ठेवावं.

पात्याच्या बुडाशी, खिळ्याजवळ, ठसा असतो. भिंग घेऊन तो वाचा. शेफिल्डच्या ठशात देशाचं नाव असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. जोसेफ रॉजर्सच्या ठशात तारा आणि क्रॉस असतो. मुकुटासोबत व्ही आर ही अक्षरं असली तर काळ व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १९०१ पूर्वीचा धरावा. ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर १९१३ च्या आधीचा तो असूच शकत नाही. अमेरिकन केसच्या चाकूवर १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक कमी होत गेला, ते मोजले की साल निघतं.

मग यंत्रणा. उघडताना आणि मिटताना कमानीचा टणत्कार ऐका. मिटलेल्या चाकूत टोक वर डोकावत नसावं. उघडं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. पातं अर्धं झिजलेलं असेल तर किंमत कमी, पण ज्याने ते झिजवलं त्याच्या कामाचा मान म्हणून मी असे चाकू आवर्जून घेतो.

जुना चाकू चकचकीत करावा का?

नाही. लाल गंज तेवढा तेल आणि तांब्याच्या नाण्याने खरवडून काढा, सांध्यात मशिनचं तेल सोडा, उघडमीट करून काळं तेल पुसा आणि थांबा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या चाकूचा ठसा पुसट होतो, कडा गोल होतात, आणि जे गेलं ते परत येत नाही.

शिंगाची, हस्तिदंताची मूठ घ्यावी का?

म्हशीचं शिंग, उंटाचं हाड, शिसम, पितळ, बिनधास्त. हस्तिदंत आणि सांबर-चितळाची शिंगं यांच्या वाटेला जाऊ नका, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. “गळून पडलेलं शिंग आहे” असं विकणारा सांगेल, त्याने तुमची सुटका होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी ही मागणी वाढवू नये.

संग्रह ठेवायचा कसा?

चामड्याच्या म्यानात साठवू नका, कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं पात्याला डाग पाडतात. सुती कापडात गुंडाळून, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जुन्या सेल्युलॉइडच्या, शंखासारख्या चमकणाऱ्या मुठींचे चाकू वेगळ्या जागी असावेत. ते प्लास्टिक कुजताना वायू सोडतं आणि शेजारच्या चाकूंना गंज चढवतं. खाण्याच्या चाकूला तेल हवं तर मेडिकलवरचं लिक्विड पॅराफिन घ्या. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि सांधा धरतं.

खंडेनवमीच्या आधी मी सगळे काढतो, पुसतो, तेल लावतो आणि शेतातल्या अवजारांसोबत पाटावर मांडतो. हळद-कुंकू मुठीला लावा, पात्याला लावलं असेल तर संध्याकाळी पुसून टाका, ओलं कुंकू रात्रभर राहिलं की डाग धरतं.

चाकू भेट दिला तर नातं तुटतं म्हणतात?

माणसाला तसं वाटत असेल तर त्याच्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे भेटीचा व्यवहार झाला. चाकू हातात न देता खाली ठेवावा, समोरच्याने उचलावा, ही आपल्या घरातली जुनी शिस्त मात्र मी मनापासून पाळतो. तिच्यामुळे बोटं वाचतात.

मुलांना कधी द्यावा?

शेतातल्या घरात पोरं आठ-नऊ वर्षांची झाली की विळ्याला हात घालतातच. मग शिकवून द्यावा हे बरं. टोक गोल असलेला, कडी लागणारा चाकू घ्या, मोठ्या माणसाने शेजारी बसावं आणि पहिलं काम द्यावं हिरव्या फांदीची साल काढण्याचं. बसूनच कापायचं, पातं अंगापासून लांब चालवायचं, हात पुरेल तेवढ्या अंतरात दुसरं कोणी नसावं, चालताना मिटवायचा. काम झालं की चाकू मोठ्यांकडे परत. दप्तरात कधीही जाता कामा नये, आणि हे मुलापेक्षा पालकांनी लक्षात ठेवायचं.

प्रवासात काय करायचं?

विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, अगदी किल्लीला लावलेला छोटासुद्धा. काउंटरवर देतो त्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा. जळगावहून विमान पकडणाऱ्यांनी घरून निघतानाच खिसे तपासावेत. सुरक्षा तपासणीत सापडला तर तो तिथेच सोडावा लागतो. रेल्वेत मी तो जेवणाच्या पिशवीत तळाशी ठेवतो, मिटवून, फडक्यात बांधून, आणि कांदा किंवा फळ कापायचं असेल तर आधी समोरच्या बर्थवरच्या मंडळींना सांगतो. मेट्रोने पुढे जायचं असेल तर चाकू न्यायचाच नाही, तिथे दारातच बॅग तपासतात.